पाणी मुलींचं, शिट्टी सरांची

सकाळी पावणेसहाला आमच्या भागातल्या तलावावर स्पर्धेची बॅच पाण्यात उतरते. माझी मुलगी त्या बॅचला आहे, म्हणून गेली तीन वर्षं मी तिथल्या पायऱ्यांवर बसते. मी स्वतः विद्यापीठासाठी पोहायची तेव्हा अशाच पायऱ्यांवर माझी आई बसायची. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तेरा वर्षांची एक मुलगी चौथ्या लेनमध्ये भिंतीला हात टेकून थांबली. बाकीच्या मुली टर्न मारून पुढे गेल्या, ही तिथेच. वरून सरांची शिट्टी आली, एकदा, मग दुसऱ्यांदा. ती म्हणाली, "सर, पोट दुखतंय." सरांनी विचारलं, "काही खाऊन आलीस का?" ती नाही म्हणाली, पुन्हा निघाली, पन्नास मीटर कसेबसे मारले आणि परत थांबली. मग तिने पायऱ्यांकडे बघितलं. मी उठून तलावाच्या कडेशी गेले. "काकू, तुम्ही सांगा ना सरांना," एवढंच ती बोलली. काय सांगायचं ते मला विचारावं लागलं नाही.

सर भले आहेत. मी सांगितल्यावर ते ओशाळले, तिला लगेच बाहेर बोलावलं, "माझ्या लक्षात यायला हवं होतं" असंही म्हणाले. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्या तलावाच्या व्यवस्थेबद्दल आहे. तिथे दोन महिला प्रशिक्षक आहेत, दोघीही राज्य पातळीवर पोहलेल्या. त्यातल्या एकीचा बटरफ्लाय मी पाहिलेला आहे. आजही तिची किक बघून पोरं थांबतात. पण या दोघी दिसतात त्या दुपारच्या लेडीज बॅचला आणि उन्हाळी शिबिरात. पाण्याची भीती घालवायची, तरंगायला शिकवायचं, लहानग्यांचे गॉगल घट्ट करायचे, हे त्यांचं काम. टायमिंग खाली आणायचं, संघ निवडायचा, राष्ट्रीय स्पर्धेला मुली घेऊन जायच्या, हे सरांचं. असं कुणी ठरवून लिहून ठेवलेलं नाही, पण मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक तलावावर असंच आहे.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. अमेरिकेत मुलींच्या पोहण्यासाठी कायदा आहे, विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या आहेत, ऑलिम्पिकची पदकं आहेत. तिथे तलावाच्या काठावर बायका दिसत असतीलच, असं धरून चालले होते. मग जिल स्टर्केल या अमेरिकी जलतरणपटू बाईंची कारकीर्द नीट वाचायला घेतली आणि माझा समज बदलला. विद्यापीठात विजेती ठरलेली पोहणारी पुढे त्याच विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक होते, यात खरं तर नवल वाटायला नको. नवल वाटतं, कारण ते फार कमी वेळा घडलं.

जिल पहिल्यांदा जगासमोर आली ती १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये. वय पंधरा. त्या स्पर्धेत महिलांच्या जलतरणाच्या १३ शर्यती होत्या आणि त्यातल्या ११ पूर्व जर्मनीने जिंकल्या. अमेरिकेच्या मुलींच्या हाती अखेरपर्यंत एकही सुवर्ण नव्हतं. राहिली होती शेवटची चार बाय शंभर मीटर फ्रीस्टाइल रिले. पूर्व जर्मनीने सुरुवातीलाच कॉर्नेलिया एंडरला उतरवलं आणि तिने सेकंदाहून मोठी आघाडी घेतली. अमेरिकेच्या किम पेटनने ५६.९५ सेकंदांत आपले शंभर मीटर संपवले. वेंडी बोग्लिओलीने ५५.८१ मध्ये अंतर तोडत आणलं. तिसरी जिल. समोर आंद्रेया पोलाक. जिलने ५५.७८ सेकंदांत शंभर मीटर मारले, चौघींतला सर्वांत वेगवान टप्पा, आणि ती भिंतीला लागली तेव्हा अमेरिका पुढे होती. शर्ली बाबाशॉफने ती आघाडी सोडली नाही. ३ मिनिटं ४४.८२ सेकंद, जागतिक विक्रम. रिले पोहलेल्या कुणालाही विचारा, मागे असताना पाण्यात उडी घ्यायची आणि पुढे होऊन बाहेर यायचं, याला पंधराव्या वर्षी काय लागतं.

त्याच मॉन्ट्रियलमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती प्रशिक्षक या पदाशीच जोडलेली आहे. पूर्व जर्मनीच्या मुलींना त्यांचे प्रशिक्षक आणि डॉक्टर निळ्या गोळ्या द्यायचे. जीवनसत्त्वाच्या आहेत असं सांगून पुरुषी संप्रेरकं दिली जात होती, बारा-तेरा वर्षांच्या मुलींनासुद्धा. बर्लिनची भिंत पडल्यावर सरकारी कागदपत्रं बाहेर आली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या न्यायालयांनी प्रशिक्षकांना, डॉक्टरांना दोषी ठरवलं. शर्ली बाबाशॉफ १९७६ मध्येच उघड बोलली होती की या मुलींच्या आवाजात, खांद्यांत काहीतरी काळंबेरं आहे. तेव्हा तिच्याच देशातल्या पत्रकारांनी तिला हरल्यावर रडणारी, तुसडी पोरगी ठरवलं. मुलीच्या शरीरात काय बदलतंय ते दुसऱ्या मुलीला दिसलं होतं. काठावर स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनी ते एकतर पाहिलं नाही किंवा पाहून गप्प राहिले.

शर्लीचं पुढे काय झालं? दोन ऑलिम्पिकमध्ये आठ पदकं मिळवलेली ही बाई पुढे कॅलिफोर्नियात टपाल वाटायची. टपाल वाटणं हे प्रामाणिक काम आहे आणि त्याला मी कमी लेखत नाही. पण इतकं पाणी अंगात मुरलेली बाई तलावापासून लांब राहते, तेव्हा नुकसान तलावाचं होतं. आपल्याकडे हे फार ओळखीचं आहे, त्याकडे मी पुन्हा येते.

जिलचं वेगळं झालं, आणि त्यामागे तिच्या जिद्दीइतकाच एका कायद्याचा आणि एका विद्यापीठाचा हात होता. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत टायटल नाइन नावाचं कलम लागू झालं. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं ते सांगतं. त्यात खेळ हा शब्दही नव्हता, पण सर्वांत मोठा परिणाम खेळावरच झाला. त्याआधी काय होतं ते डोना डी व्हॅरोनाच्या उदाहरणावरून कळतं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सतराव्या वर्षी तिने दोन सुवर्णपदकं घेतली. तिच्याबरोबर पोहलेल्या मुलांसाठी विद्यापीठांचे संघ तयार होते. मुलींसाठी पोहण्याची शिष्यवृत्तीच नव्हती. जगज्जेती मुलगी आणि पुढे पोहायला जागा नाही. ती दूरचित्रवाणीवर खेळांची समालोचक झाली आणि त्या कायद्यासाठी झटणाऱ्यांमध्ये ती पुढे होती.

जिलच्या पिढीला तलाव मिळाला. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ती शिकायला गेली. तिथे महिलांचा क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागापासून स्वतंत्र होता, त्याचं अंदाजपत्रक वेगळं, आणि १९७५ पासून १९९२ पर्यंत त्याच्या प्रमुख होत्या डोना लोपियानो. त्या वेळी मुलींच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा एआयएडब्ल्यू ही संस्था भरवायची, १९७१ मध्ये बायकांनीच उभी केलेली आणि बायकांनीच चालवलेली. टेक्सासच्या मुलींनी १९८१ आणि १९८२ मध्ये या संस्थेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि जिल त्या संघाचा कणा होती. १९८० चं मॉस्को ऑलिम्पिक बहिष्कारात गेलं, तेव्हाही ती अमेरिकेच्या संघात निवडली गेली होती. १९८४ ला रिलेचं सुवर्ण. १९८८ ला सोलमध्ये महिलांची पन्नास मीटर फ्रीस्टाइल पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आली आणि सत्ताविसाव्या वर्षी जिलने २५.७१ सेकंदांत कांस्य घेतलं, पूर्व जर्मनीच्या कातरिन माइस्नरबरोबर विभागून. चार ऑलिम्पिक संघांत निवडली गेलेली ती पहिली अमेरिकी महिला जलतरणपटू. पंधरा वर्षांच्या मुलीचं शरीर आणि सत्तावीस वर्षांच्या बाईचं शरीर, दोन्हींनी वेगात पोहणं काय असतं हे तिने आतून अनुभवलं होतं. हे ज्ञान कुठल्या पदविकेत मिळत नाही.

१९९२ मध्ये जिल स्टर्केल टेक्सासच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. २००६ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षं, त्यांनी ते पद सांभाळलं.

आता इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण याच चौदा वर्षांवरून वाद घालणारे लोक भेटतात. स्टर्केल यांच्या आधी टेक्सासच्या महिला संघाने १९८४ ते १९८८ सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती, मग १९९० आणि १९९१ ची. हे सगळं पुरुष प्रशिक्षकांच्या हाताखाली. स्टर्केल यांच्या काळात एकही राष्ट्रीय विजेतेपद आलं नाही. "बघा, शेवटी निकाल बोलतो," असं म्हणणं सोपं आहे. पण त्या वर्षांकडे नीट बघा. १९९२ ते १९९६ सलग पाच वर्षं विजेतेपद स्टॅनफर्डने नेलं, आणि स्टॅनफर्डचे प्रशिक्षक होते रिचर्ड क्विक, ज्यांनी आधी टेक्सासला पाच विजेतेपदं मिळवून दिली होती. म्हणजे स्टर्केल यांची गाठ त्या काळातल्या बहुधा सर्वांत मुरलेल्या माणसाशी होती, आणि तो माणूस त्यांच्याच घरातून गेलेला. त्या पाच वर्षांत त्याच्याकडून इतर विद्यापीठांचे पुरुष प्रशिक्षकही हरले. त्यांच्या हरण्यावरून पुरुषांना प्रशिक्षण जमत नाही असा निष्कर्ष कुणी काढल्याचं मी वाचलेलं नाही. बाईच्या बाबतीत मात्र तो निष्कर्ष जिभेवर तयार असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट विजेतेपदांच्या यादीत येतच नाही. स्टर्केल गेल्यावर टेक्सासने त्यांच्या जागी पुन्हा बाईच आणली, किम ब्रॅकिन. आणि २०१२ पासून कॅरल कॅपिटानी. १९९२ ते आजवर त्या एका तलावावर महिला संघाची शिट्टी बाईकडेच आहे. पहिल्या बाईने दार उघडलं, चौदा वर्षं ते धरून ठेवलं, आणि मागून येणारीला ते पुन्हा ढकलावं लागलं नाही. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचं मोजमाप करताना हे पहिलं लिहायला हवं.

टेक्सास हा अपवाद आहे, नियम काय आहे ते बघा. १९७२ च्या आधी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. सगळ्या खेळांचे मिळून हे आकडे आहेत. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आलं. ज्या कायद्याने लाखो मुली मैदानात आणि पाण्यात उतरल्या, त्याच कायद्यानंतर त्यांच्या काठावरच्या बायकांचं प्रमाण अर्ध्याहून कमी झालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटेना. कारण कळलं तेव्हा मात्र ते फार साधं निघालं. आधी मुलींचे संघ सांभाळायच्या त्या व्यायामशिक्षिका, शाळा सुटल्यावर, बहुतेक वेळा फुकट किंवा नाममात्र मानधनावर. कायद्यामुळे त्या पदाला पगार आला, प्रतिष्ठा आली, आणि मग पुरुषांनी अर्ज केले. बायकांचे क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागात विलीन झाले. नेमणूक करणारी खुर्ची पुरुषाकडे गेली. १९८१-८२ च्या हंगामात एनसीएएने, म्हणजे पुरुषांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने, महिलांच्याही वरच्या गटातल्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या आणि एआयएडब्ल्यू ही बायकांची संस्था १९८२ मध्ये मोडली. पोहण्यात तर आणखी एक पेच आला. अनेक विद्यापीठांनी पुरुष आणि महिला संघ एकत्र करून दोघांना मिळून एकच मुख्य प्रशिक्षक नेमला. तो बहुधा पुरुष संघाचाच असे. बाईला मिळालं सहायकाचं पद.

आपली लेडीज बॅच आणि त्यांचं सहायकपद यांत मला फार फरक दिसत नाही.

याच्या विरुद्ध नेहमी येणारं म्हणणं असं: ज्याला येतं त्याला द्या, बाई की पुरुष हे कशाला बघता? ऐकायला रास्त वाटतं. पण "येतं" हे ठरतं कशावरून? मोठ्या स्पर्धेत संघ नेल्याच्या अनुभवावरून. तो अनुभव मिळतो मुख्य पदावर. मुख्य पद मिळतं ज्याला येतं त्याला. ऑलिम्पिकमध्ये महिलांचं पोहणं सुरू झालं १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. १९२० मध्ये अँटवर्पला अमेरिकेच्या मुली पहिल्यांदा पोहायला गेल्या, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापक होत्या शार्लट एपस्टाइन, न्यूयॉर्कच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी करणाऱ्या. मुलींसाठी स्वतंत्र पोहण्याची संस्था त्यांनीच काढली होती. पण अमेरिकेच्या ऑलिम्पिक जलतरण प्रशिक्षकांच्या ताफ्यात पहिली बाई आली २००४ मध्ये. टेरी मॅककीव्हर त्यांचं नाव. १९१२ पासून मोजलं तर ब्याण्णव वर्षं. या ब्याण्णव वर्षांत पोहण्यातलं कळणारी एकही बाई त्या देशात नव्हती, असं कोण म्हणेल?

मॅककीव्हर यांचं नाव निघालं की पुढचं बोलणं टाळून चालणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या महिला संघाच्या त्या जवळजवळ तीस वर्षं प्रशिक्षक होत्या. २००९, २०११, २०१२ आणि २०१५, चार राष्ट्रीय विजेतेपदं. बारा ऑलिम्पिक पदकं घेणारी नॅटली कॉफ्लिन त्यांची विद्यार्थिनी. शंभर मीटर बटरफ्लायमध्ये ५६ सेकंदांच्या आत येणारी पहिली बाई डेना व्हॉल्मर, तीही. २०१२ मध्ये लंडनला त्या अमेरिकेच्या महिला जलतरण संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या, असं पद मिळालेली पहिली बाई. आणि २०२२ मध्ये त्यांच्याच अनेक आजी-माजी विद्यार्थिनी पुढे आल्या. वर्षानुवर्षं अपमान, धाकदपटशा, आजारपण आणि मानसिक त्रास यांची चेष्टा, असे आरोप त्यांनी केले. मॅककीव्हर यांनी ते नाकारले. चौकशी झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं.

मग माझं म्हणणं कुठे राहिलं? काही मैत्रिणी मला अगदी हेच विचारतात. बाई आली की माया आली, असं मी कधी मानलं नाही. सासुरवास भोगलेल्या बायकांच्या आपल्या समाजात ते मानणं भाबडेपणाचं ठरेल. तलावाच्या काठावरची सत्ता फार मोठी असते. कोण पोहणार, कोण बसणार, कुणाला शिष्यवृत्ती चालू राहणार, कुणाचं वजन किती हवं, हे एक माणूस ठरवतो आणि समोर अंगावर ओला पोशाख घालून उभी असलेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी असते. ती सत्ता बाईकडे असो की पुरुषाकडे, तिच्यावर बाहेरच्याची नजर हवीच, आणि तक्रार करायला अशी जागा हवी जी प्रशिक्षकाच्या मुठीत नाही. मॅककीव्हर यांच्या प्रकरणातून मी हा धडा घेते. पण यातून दुसरी एक गोष्ट दिसते. इतकी वर्षं वरच्या पदावर एखादीच बाई असली की तिच्यावर बोलणं म्हणजे बायकांच्या वाटेवर दगड टाकणं, असं तिच्या हाताखालच्या मुलींनाही वाटू शकतं. दहा बाया असत्या तर एकीला काढणं सोपं गेलं असतं. बायकांची संख्या वाढायला हवी ती यासाठीसुद्धा.

दुसरं म्हणणं मला जास्त कठीण वाटतं. पहाटेची बॅच, संध्याकाळची बॅच, शनिवार-रविवार स्पर्धा, दौरे. संसार सांभाळून हे जमत नाही म्हणून बायका स्वतःच सोडतात, असं सांगितलं जातं. खरं आहे, सोडतात. पण या वेळापत्रकात पुरुष टिकतो कारण त्याच्या घरी दुसरं कुणीतरी डबा भरतं, मुलाला शाळेत पोहोचवतं. म्हणजे हे पद बनवतानाच त्याच्यामागे घरी एक बाई गृहीत धरलेली आहे. एका बॅचला दोन मुख्य प्रशिक्षक नेमून पहाट आणि संध्याकाळ वाटून घेता येतात. दौऱ्याला लहान मूल आणि सोबत त्याची आजी किंवा आत्या यांचा खर्च धरता येतो. यात क्रांती वगैरे काही नाही. ओळ अंदाजपत्रकात घालायची असते आणि ती घालणारा माणूस खुर्चीवर असावा लागतो. टेक्सासमध्ये लोपियानो होत्या, हे मी म्हणूनच आधी सांगितलं. (त्यांच्या काळातही पोहण्याचे प्रशिक्षक पुरुषच होते, हे मान्य करायला हवं. मुख्य पदावर बाई यायला त्या विभागालाही जवळजवळ वीस वर्षं लागली.)

आता आपल्याकडे. जून २०२२ मध्ये परदेशात सरावाला गेलेल्या एका भारतीय महिला सायकलपटूने आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने राष्ट्रीय महासंघांना सूचना काढली की ज्या पथकात महिला खेळाडू आहेत त्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे, देशात आणि परदेशात. सूचना योग्य आहे. पण महिला प्रशिक्षक आणायच्या कुठून? आयत्या वेळी व्यवस्थापक म्हणून एखाद्या बाईंचं नाव पथकात घालायचं आणि नियम पाळला म्हणायचं, याने चौथ्या लेनमधल्या मुलीला काहीही मिळणार नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला भारताच्या दोन मुली पोहल्या, मुंबईची डॉली नाझीर आणि कोलकात्याची आरती साहा. सत्तर वर्षांहून जास्त काळ आपल्या मुली पोहत आहेत. त्यातल्या किती जणींच्या हातात आज संघ आहे? बंगळूरुमध्ये सिडनी ऑलिम्पिकला पोहलेली निशा मिलेट स्वतःची अकादमी चालवते, पण ते तिचं स्वतःचं उभं केलेलं काम आहे. व्यवस्थेने तिला बोलावून पद दिलं असं नाही.

आपण खेळाडूचा सन्मान करतो म्हणजे त्याला खेळाबाहेर नोकरी देतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्य घेतलं. जलतरणात चोवीस वर्षांनी भारताला मिळालेलं पदक. राज्य सरकारने त्याला तहसीलदार केलं. नोकरीची हमी मिळाली याचा मला आनंदच आहे. पोहणाऱ्याचं घर पदकांवर चालत नाही. पण सातबारा आणि पंचनामे बघणारे लोक राज्याला मिळतील. पन्नास मीटरचा पहिला श्वास कधी घ्यायचा हे शरीराने जाणणारे किती आहेत? मुलींच्या बाबतीत तर हे दुहेरी घडतं. पाच टक्के खेळाडू आरक्षणातून, रेल्वेतून, पोलिसांतून त्यांना लिपिकाची, शिपायाची नोकरी मिळते, लग्न होतं, बदली होते, आणि बारा-पंधरा वर्षं कमावलेलं सगळं तलावाबाहेर जातं. याच आरक्षणात, याच पगारश्रेणीत, प्रशिक्षकाची पदं का निघत नाहीत? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम करायला राष्ट्रीय पातळीवर पोहलेल्या मुलीला पगारी रजा देऊन पाठवायचं, परत आल्यावर महापालिकेच्या किंवा जिल्हा क्रीडा संकुलाच्या तलावावर स्पर्धेच्या बॅचची मुख्य प्रशिक्षक म्हणून कायम पद द्यायचं. तलाव आहेत, मुली आहेत, आरक्षणाचा शासन निर्णय आहे. जोडायची आहे ती फक्त त्यातली एक ओळ.

आणि ते पद मुलांच्याही बॅचसाठी असावं, हे मी मुद्दाम सांगते. बाईने फक्त मुलींना शिकवावं असं ठरलं की लेडीज बॅचचंच मोठं रूप तयार होतं. मुलींच्या संघाची शिट्टी आधी बाईकडे यावी, कारण तिथली निकड मोठी आहे. पण तिथेच थांबावं असं नाही.

त्या पोट दुखणाऱ्या मुलीबद्दल लिहायचं राहिलं. ती परत आली, आठवड्याभराने. त्या सकाळी काठावर आणखी एक मुलगी आली होती, तेवीस वर्षांची, राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा महाराष्ट्राकडून पोहलेली, याच तलावावर वाढलेली. सरांना पेढे द्यायला आली होती. सरकारी नोकरी लागली होती, दुसऱ्या जिल्ह्यात. जाता जाता ती चौथ्या लेनशी थबकली. चप्पल काढून कडेला बसली आणि त्या लहान मुलीला म्हणाली, "टर्नला तू डोकं आधी वर काढतेस. हनुवटी छातीला लाव, भिंत आपोआप येईल. आणि त्या दिवसांत बॅकस्ट्रोक कर, सरांना सांगून ठेव, मी पण सांगते." मुलीने तीनदा टर्न मारून बघितला. तिसऱ्यांदा तो साधला. वीस मिनिटं ती तिथेच बसली होती, पाय पाण्यात सोडून, सलवार गुडघ्यापर्यंत भिजवून. मग घड्याळ बघून उठली. सोमवारी तिला रुजू व्हायचं होतं.